दोन काळी, दोन पिवळी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जतहून लग्न आटोपून सांगलीला परत येत होतो. गाडीत मी, नवरा, नणंदेचे यजमान आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी. मिरज ओलांडून विश्रामबागच्या अलीकडं आलो तेव्हा साडेतीन झाले असतील. लग्नातल्या मसालेभाताची तहान काही केल्या भागत नव्हती. रस्त्याकडेच्या एका कोल्ड्रिंकच्या दुकानापुढं गाडी थांबवली. निळ्या ताडपत्रीखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फ्रीज, फ्रीजवर चिकटवलेला सिनेमातला हीरो, उन्हानं निम्मा पांढरा पडलेला. नवऱ्यानं बसता बसता आवाज दिला, "चार थंड आण रे." बस्स, एवढंच. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा उठला, दोन काळ्या आणि दोन पिवळ्या बाटल्या काढल्या, काउंटरला ठोकलेल्या ओपनरवर एकेक अडकवून टोपणं उडवली आणि आमच्यापुढं आणून ठेवल्या. काळ्या पुरुषांपुढं, पिवळ्या बायकांपुढं. आमच्या बाटल्यांत स्ट्रॉ घातलेली. त्यांच्यात नाही.

कुणी काही बोललं नाही. भाचीनं मोबाइलवरची नजर न काढता आपली पिवळी मामापुढं सरकवली, त्याची काळी ओढून घेतली आणि थेट बाटलीला तोंड लावलं. मामा गाडीच्या टायरबद्दल भाऊजींशी बोलत होता. समोर आलेली पिवळी त्यानं तशीच उचलली आणि बोलता बोलता स्ट्रॉनं संपवली. मीही माझी प्यायले. गार होती, गोड होती, आंब्याचा वास होता. आवडलीच.

निघताना मात्र राहवलं नाही. पैसे देता देता त्या पोराला विचारलं, "कुणाला काय हवं ते कसं रे ठरवलंस?" तो हसला. "त्यात काय ठरवायचं काकू? बाया आंब्याचंच घेत्यात. धात आठजणी. इचारत बसलं तर गिऱ्हाईक खोळंबतंय." गाडीत बसले तरी ते 'धात आठजणी' डोक्यातून जाईना. पोराचा राग आला नव्हता. त्याचं चुकलं असतं तर मी हसून विसरले असते. त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती.

रात्री झोपताना नवऱ्याला सहज विचारलं, "दुपारी काय प्यायलास रे?" तो म्हणाला, "थम्सअप. नेहमीचंच."

मी काही बोलले नाही. तीस वर्षांपूर्वी मी त्याच्या या उत्तरापुढं टिकमार्क केली असती आणि पुढच्या घराची कडी वाजवली असती. कारण तेच माझं काम होतं. १९९४ च्या उन्हाळ्यात चिंतामणराव कॉलेजात बी. कॉम.ची शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन बसले होते. निकालाला अवकाश होता, आणि पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीला सांगलीत घरोघर फिरून फॉर्म भरणाऱ्या मुली हव्या होत्या. फॉर्ममागे चार रुपये. मुलीच का, तर भर दुपारी अनोळखी पोराला घरात कोण घेणार. कंपनी कुठली ते आम्हाला सांगितलं नव्हतं, पण न सांगताही कळत होतं. नुकताच कोकाकोला परत आलेला. १९७७ साली सरकारशी न पटल्यानं तो देश सोडून गेला, त्या मोकळ्या जागेत पार्लेवाल्या चौहानांनी थम्सअप उभं केलं, आणि १९९३ मध्ये परत आल्यावर कोकाकोलानं थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा असं सगळं बिऱ्हाडच विकत घेतलं. पेप्सी आधीच येऊन बसलेली. दोघांनाही भारतातल्या माणसाला काय प्यायला आवडतं हे जाणून घ्यायचं होतं, आणि त्यातली सांगलीची माणसं माझ्या वाट्याला आली होती.

फॉर्म पिवळसर कागदाचा, चार पानी. पहिल्याच ओळीत चौकट: १ पुरुष, २ स्त्री. मग वय, मग घरात फ्रीज आहे का, टीव्ही रंगीत की साधा. मग बाटल्यांची चित्रं असलेलं एक कार्ड दाखवायचं आणि विचारायचं, यातलं तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडतं. आम्हाला शिकवणारा सुपरवायझर टाय लावून यायचा आणि सांगलीच्या उन्हात दहा मिनिटांत तो टाय खिशात जायचा. त्याचे दोन नियम मला अजून पाठ आहेत. एक, खाडाखोड झालेला फॉर्म बाद, पैसे नाहीत. दोन, 'काहीही चालतं' हे उत्तर नाही.

आणि बायका तर तेच सांगायच्या. "कायपण चालतंय की." "पोरं जे उरवत्यात ते." "हे आणतील ते." गावभागात, खणभागात, पेठेच्या मागच्या बोळांत, दर दुसऱ्या उंबऱ्यावर हेच. आवड हा शब्दच त्यांना परका वाटायचा. भाजी कुठली आवडते विचारलं की घरातल्या सगळ्यांच्या आवडी घडाघडा सांगायच्या, सासऱ्यांना कारलं, धाकट्याला बटाटा, आणि स्वतःपाशी आल्या की थांबायच्या. मी सुपरवायझरला विचारलं, अशांचं काय करू? तो म्हणाला, "शेवटचं काय प्यायल्या होत्या ते विचार आणि तेच टाक." शेवटचं म्हणजे कुणाच्या तरी लग्नात, बायकांच्या पंगतीच्या बाजूला ट्रेमधून जे फिरवलं ते. आणि तिथं काय फिरवायचं हे ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरानं ठरवलेलं. म्हणजे लग्नातल्या पोराचा अंदाज माझ्या फॉर्मवर बाईची आवड होऊन बसायचा. तेव्हा हे लक्षात आलं नाही. चार रुपये दिसत होते.

पुरुषांचे फॉर्म भरायला वेळ लागायचा नाही. दुपारी ते घरी नसतच. पानपट्टीवर, कट्ट्यावर, तालमीच्या पायरीवर घोळक्यानं सापडायचे. एकानं "थम्सअप" म्हटलं की बाकीचे सातजण "माझंबी तेच लिवा." आठ फॉर्म, बत्तीस रुपये. तेव्हा वाटायचं, पुरुषांना आपल्याला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. आता वाटतं, त्या आठांतल्या एखाद्याला गोल्ड स्पॉट आवडत असणार. नारिंगी रंगाचं, जीभ रंगवणारं. पण तालमीच्या पायरीवर बसून हे कोण सांगणार?

तेव्हाच्या कोल्ड्रिंक हाउसची रचना आठवते का? बाहेर फुटपाथवर उभं राहून पिणारे पुरुष, आत प्लायवूडची उभी फळी, तिच्यावर 'फॅमिली रूम'. आत पंखा, मळक्या सनमायकाचं टेबल, आणि कडेवर पोर घेतलेल्या बाया. बाई एकटी कधी दिसली नाही. पोर असायचंच. आणि पोराला झोंबणारं चालत नाही. ठसका लागतो, नाकात जातं, मग रडारड. म्हणून बिनफसफशीचं आंब्याचं मागवायचं, पोर दोन घोट घ्यायचं, उरलेलं आईनं संपवायचं, पैसे दिलेत म्हणून. बाटली तिथंच परत द्यायची असल्यानं घरी नेण्याचाही प्रश्न नव्हता. दुकानदाराच्या डोक्यातल्या वहीत त्याची नोंद 'बाया आंबा घेतात' अशी. ती खोटी नव्हे, पण तिच्यात पोर कुठं आहे? ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात रसवंतीवर मात्र असं काही नव्हतं बघा. घुंगरांचा आवाज करत चरक फिरायचा आणि बाप्याला, बाईला, पोराला त्याच काचेच्या ग्लासातून तोच हिरवट रस. फार तर कुणी हाफ, कुणी फुल. आलं-लिंबू सगळ्यांना सारखंच.

काळ्या पेयाचं आणखी एक होतं. आमच्याकडं मटणाच्या जेवणावर थम्सअप. वडील त्यात चिमूटभर मीठ टाकायचे, ते उसळून वर यायचं, आणि मग सोप्यावर बसून असा ढेकर द्यायचे की आई आतून "शिवशिव" म्हणायची. आईला पित्त झालं की ती गोटी सोडा मागवायची, लिंबू पिळून. सोडा तोच, ढेकरही तोच, पण तिचा पदराआड. शिवाय रात्री गच्चीवर काकालोक बसायचे तेव्हा ग्लासातलं काळं नुसतं काळं नसायचं, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. त्यामुळं बाईच्या हातात काळी बाटली दिसली की बघणाऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी हलायचं. चव हा फार पुढचा मुद्दा.

आता ज्या घरासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या घराकडं येते. गावभागातलं जुनं दगडी जोत्याचं घर. सासूबाई सोप्यावर गहू निवडत बसलेल्या, सून आतल्या दाराशी, चौकटीला हात लावून. फॉर्म सुनेच्या वयोगटाचा होता, पंचवीस ते पस्तीस. मी सुनेकडं बघून विचारलं, उत्तर सासूबाईंनी दिलं. "आमच्यात बायका काळंबिळं पीत न्हाईत. आंब्याचं लिही." सुनेनं मान हलवली. मी चौकटीत बरोबरची खूण केली, सही घेतली, पाणी प्यायले, निघाले. बोळाच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. मागून घागर घेऊन ती सून झपाझप आली. नळाखाली घागर लावली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, माझं थम्सअप लिवा. म्हायेरला जत्रंत पेलीवती. ते असं नाकात जातंय की नाही, डोळ्यात पाणी येतंय, ते मला लई आवडतंय." आणि हसली. घागर भरेपर्यंतचं हसू. मग चुंबळीवर घागर ठेवून गेली.

फॉर्म शाईपेनानं भरला होता. खाडाखोड चालणार नव्हती. कोरे फॉर्म मोजून मिळायचे. मी तो तसाच गठ्ठ्यात घातला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही वाटलं नाही. एका फॉर्मनं काय होतं? पुढं बँकेत लागले, आकड्यांतच आयुष्य गेलं, आणि एका चुकलेल्या नोंदीनं बेरजा फारशा हलत नाहीत हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण कधीमधी टीव्हीवर जाहिरात लागायची आणि मी जरा सावरून बसायची. काळ्या बाटलीसाठी अक्षयकुमार इमारतींवरून उड्या मारायचा. 'ग्रो अप टू थम्सअप' म्हणत ते पेय मोठ्या पोरांचं, मर्दांचं होत गेलं. आणि आंब्याच्या जाहिरातीत कत्रिना कैफ डोळे मिटून ओठांवरचा थेंब टिपायची. एकीकडं जिवावर उदार होऊन बाटली गाठायची, दुसरीकडं सावकाश विरघळायचं. बघता बघता मनात यायचं, यात माझ्या गठ्ठ्याचाही एखादा थेंब असेल का? नसेलही. पण अशा गठ्ठ्यांच्याच बेरजा होत असतात.

हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. अमेरिकेत १९६३ साली कोकाकोलानं टॅब नावाचं बिनसाखरेचं पेय काढलं आणि ते वजन सांभाळणाऱ्या बायकांना विकलं. १९८२ मध्ये डाएट कोक आलं, तेही हळूहळू बायकांचं झालं. मग लक्षात आलं की पुरुषांनाही साखर नको आहे, पण 'डाएट' लिहिलेला डबा हातात धरायला ते लाजतात. म्हणून २००५ मध्ये कोक झिरो. बिनसाखरेचंच, चव जुन्या कोकच्या जवळची, आणि डबा पुढं काळा. काळा रंग म्हणजे बाप्याचा, हे त्यांनाही सापडलं तर! डॉक्टर पेपर नावाच्या तिथल्याच कोल्ड्रिंकवाल्यांनी २०११ मध्ये दहा कॅलरीचं पेय काढलं आणि जाहिरातीत सरळ सांगितलं की हे बायकांसाठी नाही. वाचून मला त्या सासूबाई आठवल्या. 'आमच्यात बायका काळंबिळं पीत न्हाईत.' त्यांना कुणी जाहिरातीचे पैसे दिले नव्हते एवढाच फरक. आणि हजारो-लाखो माणसांना विचारूनही काय कळतं म्हणा! १९८५ मध्ये कोकाकोलानं जवळपास दोन लाख लोकांना चाखायला देऊन नवी चव आणली, आणि लोकांनी असा ओरडा केला की ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. चव आवडली का, हे विचारलं होतं. जुनी काढून घेतली तर चालेल का, हे त्या चाखण्यात नीट विचारलंच गेलं नव्हतं. माझ्या फॉर्मवरही नव्हतं की, तुमच्या वतीनं कोण बोलतंय? बाटली कोण आणतं? पूर्ण बाटली एकटीनं शेवटची कधी प्यायलात?

भाचीला हे सगळं सांगितलं. ती व्यवस्थापन शिकते. म्हणाली, "मामी, आता फॉर्म कोण भरतंय? आता मी ऑर्डर केलं की त्यांना आपोआप कळतं." असेल. तिची ऑर्डर तरी तिची असते. माझ्या मोबाइलवरून महिन्याचं सामान मी मागवते, त्यात नवऱ्याचं थम्सअप असतं, भाऊजी येणार असले की सोडा असतो. त्या यंत्राच्या मते सांगलीतली पन्नाशी ओलांडलेली एक बाई आठवड्याला दोन लिटर थम्सअप पिते. चला, कुठंतरी माझ्या नावावर ते लागलं! पण खरं सांगायचं तर मला स्वतःलाच माहीत नाही की मला काय आवडतं. त्या दिवशीची पिवळी मला आवडली हे खरं आहे. ती माझी आवड आहे, की चाळीस वर्षं पुढ्यात आलेलं पिऊन पडलेली सवय, हे आता कुठल्या ओपनरनं उघडून बघणार? भाचीनं बाटली बदलायला एक क्षणही घेतला नाही, त्याचं कौतुक वाटलं आणि जरासा हेवाही. कौतुक बोलून दाखवलं.

मध्यंतरी गावभागात जाणं झालं. तो बोळ आहे. नळ नाही. दगडी जोत्याच्या जागी तीन मजली इमारत आहे आणि तिच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ, माझ्या डोक्याच्याही वर. तळमजल्याच्या दुकानदाराला त्या घराबद्दल विचारलं. तो म्हणाला, आम्ही नंतर आलो. ती सून आता साठीच्या आसपास असेल. तिला सून आली असेल. कदाचित ती सोप्यावर बसून गहू निवडत असेल आणि दाराशी कुणीतरी उभी असेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधीच्या त्या घुसमटलेल्या उन्हात, बँकेतल्या मैत्रिणीला भेटायला एकटी मिरजेला गेले होते. परतताना स्कूटर त्याच ताडपत्रीपाशी थांबवली. तेच पोरगं. ओळखलं की नाही कुणास ठाऊक, पण मी हेल्मेट काढायच्या आत त्याचा हात फ्रीजमधल्या पिवळ्या बाटलीकडं गेला.

"थम्सअप दे."

हात थांबला. काळी बाटली काढून त्यानं फडक्यानं पुसली आणि काउंटरवर ठेवली. टोपण तसंच. "पार्सल ना काकू? काचंची हाय, बाटली परत आणून द्यावी लागंल. का सायबांस्नी प्लॅस्टिकची देऊ?"

"फोड. इथंच पिणारे."

"तुमी?"

"मी."

त्यानं टोपण उडवलं. धूर निघाला, फेस गळ्यापर्यंत येऊन खाली बसला. आणि बाटली माझ्याकडं सरकवता सरकवता, सवयीनं, त्यानं त्यात स्ट्रॉ टाकली. ती स्ट्रॉ काढून टेबलावर ठेवावी असं फार वाटलं. भाचीसारखी. रस्त्यावरून एक एसटी गेली, खिडक्यांतून माणसं बघत होती. माझ्या लिपस्टिकचं मनात आलं, मग बाटलीच्या तोंडावरच्या गंजाच्या तपकिरी कडीचं, मग त्या एसटीचं. मी स्ट्रॉनंच प्यायले. मोठा घोट घेतला, घाईनं, आणि तो थेट नाकात गेला. डोळ्यांत पाणी आलं. पोरगं घाबरून पाण्याचा जग घेऊन पुढं झालं. मी हातानंच त्याला थांब म्हटलं.